आधी हाताने, मग पान्याने

नागपूरहून सिवनी, लखनादौन करत जबलपूरकडे येताना पहाटेच्या वेळी कधी कधी समोरून एक विचित्र वाहन येतं. पुढे उघडं इंजिन, मागे लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या, त्यांना खाली चाकं, आणि कामचलाऊ सीटवर कान-डोकं मफलरने बांधलेला, गॉगल लावलेला ड्रायव्हर. दार नाही, काच नाही, डोक्यावर टप नाही. कारखान्यातून निघून बॉडी बांधणाऱ्याच्या शेडकडे चाललेली ती ट्रकची नुसती चॅसी असते. आपल्याकडे ट्रक आणि बस वर्षानुवर्षं अशाच विकल्या गेल्या: चॅसी कंपनीची, बॉडी कारागिराची. ती चॅसी धावते, वळते, ब्रेक दाबला की थांबते. शेकडो किलोमीटरचा रस्ता ती स्वतःच्या चाकांवर कापते. गाडीने जे करायचं ते सगळं ती करते, तरी रस्त्याकडेचं पोर तिला बघून ‘ट्रक आला’ म्हणत नाही. ते आईला विचारतं, ‘हे काय आहे?’

आतलं ते खरं आणि वरचं ते दिखाऊ, हे आपल्या मनावर लहानपणापासून बिंबलेलं असतं. त्यामुळे पत्र्याला आपण सहज हलकं ठरवतो. चॅसी म्हणजे कणा, इंजिन म्हणजे काळीज, आणि पत्रा म्हणजे पावसापाण्यापुरता आडोसा. मला हे पटत नाही. आमच्या सराफ्यात सध्या एका जुन्या जोंगाला घरच्या घरी पत्रे चढवण्याचं काम चालू आहे आणि सकाळी फिरून येताना मी तिथे थांबतो. चॅसीत राहून गेलेली चूक, इंजिनाखालच्या गादीचा बसका कोपरा, दाराच्या बिजागरीची झीज, हे सगळं पत्रा बसवायला घेतल्यावरच उघडं पडतं. तोवर गाडी आपले दोष पोटात घालून चालत असते.

जोंगा म्हणजे काय, हे जबलपूरबाहेरच्या नव्या पिढीला सांगायला हवं. तोफांचे गाडे बनवणारी इथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि जपानच्या निस्सान कंपनीच्या परवान्याने लष्करासाठी एक दणकट गाडी इथे बनू लागली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून तिचं नाव झालं जोंगा. सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ताकद, आणि डोंगर असो की वाळवंट, मागे न हटणारा स्वभाव. १९९९ पर्यंत ती बनत राहिली. लष्कराने काढून टाकलेल्या जोंगा लिलावात निघाल्या आणि हौशी लोकांनी त्या घरी नेल्या. महेंद्रसिंग धोनीने २०१९ मध्ये एक घेतली तेव्हा देशभर तिचे फोटो फिरले. आमच्या गावात मात्र तिची ओळख फोटोतून झालेली नाही. रांझीकडच्या कितीतरी घरांत तिचे नट आवळलेले हात अजून आहेत.

सराफ्यातली ही जोंगा सोनाराच्या घरात आहे. पुढे दुकान, मागे चौक, चौकात गाडी. धाकटा मुलगा इंजिनियर झालेला, पण हात सोनाराचेच. चॅसी आणि इंजिन एका लिलावातलं. दारं गुरंदी बाजारातून मिळाली. उजवं मडगार्ड दुसऱ्याच कुठल्या जोंगाचं. डावं कुठेच मिळेना, म्हणून अधारतालच्या एका डेंटरने नवा पत्रा मोगरीने ठोकून ते घडवलं. मागचा सांगाडा एका सकाळी हातगाडीवर बांधून कमानिया गेटखालून आला. ती कमान १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभी आहे. सुभाषबाबूंच्या त्या अधिवेशनाची कमान आणि तिच्याखालून दोऱ्यांनी बांधलेला फौजी गाडीचा सांगाडा, हे दृश्य मला फार आवडलं.

सुट्या भागांतून घरी गाडी उभी करायची पद्धत जगात जुनी आहे. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ नावाची छोटी गाडी सुट्या भागांच्या पेट्यांतून विकायला काढली. तयार गाडीवर तिथे खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. जोडणीची सूचनापुस्तिका दिली तर करसवलत जाते, म्हणून चॅपमनने गाडी खोलण्याची पुस्तिका दिली आणि ती उलटीकडून वाचा म्हणून सांगितलं, अशी हकीकत आहे. १९७३ मध्ये करपद्धत बदलली आणि ती सवलत संपली, पण हौस संपली नाही. गॅरेजमध्ये लोखंडी नळ्यांची चौकट जोडून तिच्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे रिवेटने बसवणारे लोक आजही जगभर आहेत.

आपल्याकडेही हे वेड आहेच. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या बळावर घडवली आणि तिचे एकामागून एक नमुने काढत राहिले. अलीकडचं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचं. यशवंतराव चव्हाणांच्या या जन्मगावी लोहारकाम करणाऱ्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातल्या वस्तूंतून एक छोटी जीप बनवली, किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या अखेरीस तिची चित्रफीत सगळीकडे पोचली. गाडी नियमांत बसत नाही हे सांगतानाच आनंद महिंद्रांनी त्यांच्या कसबाला दाद दिली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो मिळाली. ती चित्रफीत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. आत काय बसवलं आहे याची उत्सुकता सगळ्यांना मागाहून आली. ‘अरे, जीप!’ हे पाहणारा पहिल्याच क्षणी म्हणाला, कारण पुढची जाळी आणि मडगार्ड हुबेहूब जमली होती. लोहारांनी पत्र्यालाच गाडीचं नाव बोलायला लावलं होतं.

कायद्याची नजर मात्र उलटी असते. परिवहन कार्यालयातला माणूस चॅसीवर ठोकलेला क्रमांक शोधतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बनावटीत मनाजोगे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. घरी नळ्या जोडून केलेल्या गाडीला त्यामुळे आपल्या रस्त्यावर जागा मिळणं जवळपास अशक्य आहे. सराफ्यातल्या जोंगाचा क्रमांक कारखान्याचा आहे, म्हणून तिचं पुढचं निभेल. शासन गाडी ओळखतं ते चॅसीवरून, माणसं ओळखतात ते पत्र्यावरून, आणि दोन्ही ओळखी एकाच गाडीत नांदवायच्या तर मधे जोडणाऱ्याचा हात लागतो.

तो हात इथे एका निवृत्त फिटरचा आहे. वय सत्तरीच्या पुढे, नोकरी सगळी व्हेइकल फॅक्टरीत, बोली अस्सल नागपुरी. १९५६ मध्ये राज्यांची वाटणी झाली, मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय जबलपूरला आलं, तेव्हा नागपूरची काही कुटुंबं त्याच्यामागे इथे आली. त्यांतल्याच एका घरातले हे काका. ते चौकात खुर्ची टाकून बसतात आणि स्वतः क्वचितच हात लावतात.

त्या सकाळी डावं मडगार्ड बसत होतं. मुलाने आणि त्याच्या मित्राने ते दोन्ही बाजूंनी उचलून धरलं, दाराच्या पुढच्या कडेला आणून टेकवलं, आणि पहिला बोल्ट आत जाताच मुलाचा हात सवयीने पान्याकडे गेला.

“आवळू नको बे इतक्यात,” काका म्हणाले. “पाव्हणे तर येऊ दे सगळे, मंग पंगत बसव.”

“काका, हा बरोबर जागेवर बसलाय.”

“त्याच्या जागेवर बसला असंल. दुसऱ्याचं काय?”

मग एकेक बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून आत गेला. मडगार्डाच्या कडेला बोल्टासाठी असलेली भोकं गोल नव्हती, लांबट होती. पलीकडचा नट लोखंडाच्या छोट्या पिंजऱ्यात अडकवलेला, त्याला आत थोडं हलता येत होतं. सगळे बोल्ट सैल लागल्यावर मडगार्ड हाताने ढकललं की दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे सरकायचं. मुलाने पाच मिलिमीटरचं ड्रिल घेतलं, त्याची उलटी, गुळगुळीत दांडी दार आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत वर घातली. सहज गेली. मध्ये घातली, गेली. खाली अडली. त्याने मडगार्डाची खालची कड पुढे दाबून पाहिली, तर आता वर फट वाढली. काका उठले. मडगार्डाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, कान देऊन ऐकलं, आणि गुडघे टेकून गाडीखाली बॅटरीचा उजेड टाकला.

दोष मडगार्डात नव्हता आणि दारातही नव्हता. बॉडी चॅसीवर थेट बसत नाही, मधे रबराच्या जाड गाद्या असतात. पुढच्या खांबाजवळची एक गादी इतरांपेक्षा जास्त दबली होती. तिथून खांब किंचित झुकला, खांबाबरोबर दार झुकलं, आणि मडगार्डाची फट वाकडी झाली. गादीखाली एक पातळ चकती सरकवली, दार पुन्हा मिटलं, ड्रिलची दांडी वरपासून खालपर्यंत सरळ उतरली. मडगार्डाला कुणी बोटही लावलं नव्हतं.

हे मी जवळून पाहिलं आणि दिवसभर तेच डोक्यात राहिलं. पहिला बोल्ट त्याच वेळी पान्याने आवळला असता तर तो चुकीचा ठरला नसता. तो जागेवर होता. पण त्याने मडगार्डाला त्या वाकड्या फटीत पक्कं केलं असतं, पुढच्या जाळीला ते वाकडेपण सोसावं लागलं असतं, आणि बॉनेटची पाळी येईपर्यंत सगळ्यांची मिळून झालेली तफावत त्या एकट्याच्या वाट्याला गेली असती. म्हणून क्रम ठरलेला असतो. आधी चॅसीवर बॉडी, मग खांबाला दारं, दारांना धरून मडगार्डं, आणि दोन्ही मडगार्डांना सांभाळत शेवटी बॉनेट. सगळे हजर झाल्यावर पाना, तोही एका बोल्टाला संपवून दुसऱ्याकडे नाही, तर थोडा इथे, थोडा तिथे. शेवटी आलेल्याला बसता येईल का, हा प्रश्न पहिल्याला आवळताना विचारायचा असतो. आपल्या घरांत, संस्थांत, समाजात पहिले येऊन बसलेले लोक हा प्रश्न फार कमी वेळा विचारतात. आपली जागा बरोबर आहे एवढ्यावर ते पाना उचलतात. मग शेवटी आलेलं बॉनेट घासतं, आणि दोष बॉनेटला लागतो.

लांबट भोकांचाही मला विचार करावासा वाटतो. ज्या कारखान्यात सेकंदा-सेकंदाने ठसे उमटवणारे प्रेस असतात, मापाला गेज असतात, धरायला साचे असतात, त्या कारखान्याने भोकं मुद्दाम बोल्टापेक्षा मोठी ठेवली. अचूकतेचा अभ्यास ज्यांनी केला त्यांनाच ठाऊक होतं की प्रत्येक पत्र्यात थोडा फरक राहणार. १९०८ मध्ये इंग्लंडच्या ब्रुकलँड्स इथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या केल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या आणि पाचशे मैल पळवल्या. त्या वर्षीची ड्यूअर ट्रॉफी त्या प्रयोगाला मिळाली. कुठलाही भाग कुठल्याही गाडीला बसावा, ही त्या काळात थक्क करणारी गोष्ट होती. फौजी गाडीला तर तिच्यावाचून चालत नाही, कारण सीमेवरच्या वर्कशॉपमध्ये मडगार्ड बदलायचं तर ते घासून, ठोकून बसवायला कुणाला सवड असते?

सराफ्यातली रीत याच्या नेमकी उलट. इथे उघडझाप होणाऱ्या बांगडीच्या दोन अर्ध्या बाजू बरोबरच घडतात, बिजागरीची कडी त्या भोकासाठी कानशीने उतरवली जाते, आणि एका बांगडीची कडी दुसरीत जात नाही. सोनाराला ती जावी असं वाटतही नाही. मुलगा या घरात वाढला आणि इंजिनियरिंगच्या वर्गात त्याने दुसरी रीत शिकली. चौकातल्या जोंगाला दोन्ही लागल्या. गुरंदीतून आणलेलं दार आपोआप बसलं, कारण ते साच्यातलं. हाताने ठोकलेलं डावं मडगार्ड उजव्यासारखं दिसतं, पण आतल्या कडेची भोकं जुळेनात. तेव्हा दुकानातून वडील आले. त्यांनी गोल कानस घेतली आणि भोकाची एक बाजू अगदी अलगद खायला सुरुवात केली. चार घासे, फुंकर, बोल्ट घालून बघायचं, पुन्हा दोन घासे. सोन्यावर चालणारा तो हात लोखंडावर चालताना मला दिसला आणि खरंच आनंद झाला. काका खुर्चीतून म्हणाले, “शेटजी, लांबीत खा, रुंदीत नका खाऊ.” वडिलांनी मान हलवली.

या फटी आणि गाद्या उन्हाळ्यासाठीही असतात. जबलपुरात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. चाळीस अंशांच्या फरकाने एक मीटर लोखंड साधारण अर्धा मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम त्याच्या जवळपास दुप्पट. लोखंडी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा बसवणाऱ्यांना म्हणूनच जास्त जपावं लागतं. दोन्ही धातू एकमेकांना थेट टेकले आणि मधे पाणी शिरलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरून पत्रा फुगतो. त्यावर उपाय म्हणून ते मधे लवचिक सीलंटचा थर देतात, रिवेटांची रांग मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे नेतात, म्हणजे पत्र्यात फुगवटा अडकून राहत नाही. जोडलेलं टिकायला हवं, तर मधे हलायला जागा हवी, एकमेकांचं गंज-पाणी एकमेकांना लागू नये अशी सोय हवी. आम्ही जबलपूरची मराठी माणसं हे अनुभवाने जाणतो. भोसल्यांचा अंमल इथून १८१७ मध्ये गेला, नागपूर ही राजधानी १९५६ मध्ये गेली, तरी आम्ही इथे आहोत. चौकात हिंदी, स्वयंपाकघरात मराठी, आणि दोन्हींच्या मधे एक लवचिक थर, ज्यात ‘आवळू नको बे’ आणि ‘शेटजी’ शेजारी शेजारी सुखाने राहतात. कुणी आम्हाला घट्ट आवळलं नाही, आम्हीही कुणाला आवळलं नाही, म्हणून हे इतकं टिकलं असं मला मनापासून वाटतं.

गेल्या आठवड्यात बॉनेट आलं. दोन्ही मडगार्डांवर ते उतरलं, दोन्हीकडची फट दिसायला सारखी होती, आणि काकांनी पहिल्यांदा मान डोलावून मुलाच्या हातात पाना दिला. थोडा इथे, थोडा तिथे करत सगळे बोल्ट बसले. दार उघडून मिटलं, बॉनेट उचलून सोडलं, कुठे घासलं नाही. गल्लीतली पोरं जमा झाली होती. त्यांतल्या एकाने कुणीही न सांगता विचारलं, “ये मिलिट्रीवाली गाड़ी है ना?”

आणि दुसऱ्याच दिवशी सगळे पत्रे पुन्हा उतरवायला सुरुवात झाली. रंगाआधी ते उतरवावेच लागतात, नाहीतर कडांच्या आत, जिथे पाणी साचतं तिथेच रंग पोचत नाही आणि गंज तिथूनच धरतो. कुठली चकती कुठल्या गादीखाली होती ते खडूने चॅसीवर लिहिलं. डाव्या मडगार्डाचे बोल्ट उजव्यात मिसळू नयेत म्हणून वडिलांनी दुकानातले गुलाबी कागद आणले, दागिन्यांना बांधतात तशा पुड्या बांधल्या, आणि प्रत्येकीवर स्वतःच्या अक्षरात जागा लिहिली: डावं, वरून दुसरा. दार, खालची बिजागरी. बॉनेट, उजवीकडचे दोन. काकांनी एक पुडी उघडून पाहिली, परत बांधली आणि विचारलं, “प्रायमर केव्हा मारतो? पाऊस लागायच्या आधी दोन हात व्हायला पाहिजेत.”

“सोमवारी, काका.”

“मंग रविवारी पत्रे घासून ठेव. आतून पण.”